उभ्या रेघांचा शर्ट

ज्याच्या डोक्यावर औषधालाही केस नाही त्याला सगळी इमारत ‘कंगवा’ म्हणते, यात इमारतीचा दोष थोडा आणि त्याचा स्वतःचा जास्त. तळमजल्यावरच्या चष्मेवाल्याने एकदा जिन्यात गाठ पडली म्हणून, आणि गाठ पडल्यावर काहीतरी बोलायला हवं म्हणून, विचारलं, “वर काय काम चालतं तुमचं?” शहाण्या माणसाने “जुन्या कॅसेटी उतरवून देतो” एवढं सांगून जिना चढावा. याने चष्मेवाल्याला कठड्याशी अडवून धरलं आणि चित्रातला उजेड आणि चित्रातला रंग एकमेकांपासून वेगळे कसे काढतात, त्यासाठी जी चाळणी लागते तिला कंगवा का म्हणतात, हे दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून सांगितलं. तेवढ्यात चष्मेवाल्याचं गिऱ्हाईक वाट बघून निघून गेलं. चष्मेवाल्याने त्याची वसुली नावाने केली. दिवस मावळायच्या आत ते नाव सगळ्या मजल्यांवर पोचलं होतं.

कंगव्याची खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला. एका बाजूला विमा एजंटाचं ऑफिस, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला टायपिंगचा क्लास. खिडकीला जाड काळा पडदा, भिंतीला लागून कॅसेटची यंत्रं एकावर एक, आणि बसायला एक चांगली खुर्ची आणि एक स्टूल. खुर्ची त्याची, स्टूल गिऱ्हाइकाचं. त्या स्टुलाचा एक पाय आखूड. गिऱ्हाईक दोन घटका बसत नाही, काम टाकलं की पळतं, अशी त्याची तक्रार असते. पण स्टुलाच्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारावा हे काही त्याला सुचत नाही.

पूर्वी तो एका छोट्या टीव्ही केंद्रावर होता. कार्यक्रम करणाऱ्यांत नाही. चित्र नीट जातंय ना हे बघत बसणाऱ्यांत. केंद्र बंद पडलं तेव्हा तिथली भाकरीच्या तव्याएवढी जुनी रिळं भंगारात निघाली. ती याने टेम्पो करून घरी आणली आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या खोलीत रचून ठेवली. बायको तेव्हा काही बोलली नाही. पुढे मुलीच्या बाळंतपणाला म्हणून ती मुलीच्या गावी गेली. ते बाळ आता पाठीला दप्तर लावून शाळेत जातं, आणि बायको अजून तिकडेच आहे. भांडण झालं असतं तर समेट तरी झाला असता. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. औषध घेतलं का, गॅस संपला का, मागचं दार लावता ना. तो “हो, नाही, हो” म्हणतो. जमेला काही नाही, नावेला काही नाही. असं खातं कोणी बंदसुद्धा करत नाही.

अशा त्या खोलीत एके दिवशी ऑपरेटरबाई आल्या.

टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. अंगाने बारीक, आवाज मात्र अजून सरकारी. लंगड्या स्टुलावर अशा बसल्या की स्टुलालाही डुगडुगायचा धीर झाला नाही. पिशवीतून त्यांनी उशीचा एक अभ्रा काढला आणि अभ्र्यातून कॅसेट.

“यात आमचे हे आहेत. बुद्धिबळ खेळतायत. अंतिम सामना होता. तुमच्याच केंद्रावर दाखवला होता.”

“जिंकले?”

“छे.”

कंगव्याने कॅसेट यंत्रात सारली. टीव्हीवरचं चित्र जरा लोळलं, मग सावरलं. पटासमोर एक गृहस्थ, कोपर टेबलावर, तळहात कपाळाला लावून सावली केल्यासारखा. चेहरा पुसट. कॅमेरा जागचा हलत नव्हता, माणूसही हलत नव्हता. अंगात बारीक उभ्या रेघांचा शर्ट, आणि त्या शर्टावर लाल, निळे, हिरवे पट्टे पाण्यावर तेल तरंगावं तसे सरकत होते.

कंगव्याने डॉक्टर जीभ बघून करतात तसा ‘चक्’ केला.

“हे असंच बघता तुम्ही?”

“हो. ते गेल्यापासून रोज.”

“रोज? आणि डोळे शाबूत आहेत?”

“डोळ्यांना काय धाड भरलीय? कॅसेट गेली. मशीन चावायला लागलंय तिला. तुटायच्या आत दुसरी करून द्या. आहे तशीच्या तशी.”

“या रंगांसकट?”

“सकट.”

आता कोणीही इथे पावती फाडली असती. पण कंगव्याची एक पक्की समजूत होती, की गिऱ्हाईक ‘आहे तसंच’ म्हणतं ते याहून चांगलं मिळू शकतं हे त्याला माहीत नसतं म्हणून. त्याने खुर्ची पुढे ओढली.

“हे रंग खोटे आहेत, बाई. म्हणजे बघा, आधी टीव्हीत नुसता उजेड होता. काळं-पांढरं. अख्खं घर उजेडाचं. मग रंग आला. आता लोकांना जुने टीव्ही फेकून द्या असं कसं सांगणार? म्हणून रंगाला उजेडाच्याच घरात बिऱ्हाड करून दिलं, वर माळ्यावर. माळ्यावर उजेडाची फक्त बारीकसारीक अडगळ असते. केस, जाळी, बारीक रेघा. पण दार दोघांना एकच. टीव्ही दारात उभा राहून ओळखतो, हे सामान कोणाचं. साधा टीव्ही अडाणी. माळ्यावरून जे उतरलं ते सगळं रंगाचं म्हणतो. यांच्या शर्टाच्या रेघा गेल्या रंगाच्या नावावर. म्हणून ही होळी.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

“केंद्रावर आम्ही खुंटीला एक साधा कोट ठेवायचो. कोणी रेघारेघांचा आला की त्याच्या अंगात चढवायचा.”

“दिला होता ना त्यांना. बाह्या आखूड झाल्या. नाही घातला. हट्टी होते.”

“आणि हे कॅसेटमध्ये काढता येत नाही, कारण तुमच्या घरच्या मशीनने रेकॉर्ड करतानाच उजेड-रंग वेगळे करून टाकलेत. चुकीची वाटणी झाली आणि तशीच नोंदली गेली.”

“बरं.”

‘बरं’ म्हणणाऱ्याला पटलं असं धरून चालणं ही कंगव्याची जुनी खोड. बायको या शब्दावर कितीतरी वर्षं राहिली आणि याच शब्दावर गेली.

बाई गेल्या आणि घात झाला. कंगव्याने कॅसेट मागे फिरवायला लावली आणि यंत्रातून सुपारी कातरल्यासारखा आवाज आला. झाकण उघडून बघतो तो फीत चाकांना गुरफटलेली, चुरगळलेली, आणि एका जागी पार तुटलेली. जागा कुठली? तीच, गृहस्थ कपाळाला हात लावून बसलेले. बाकीची फीत धडधाकट होती. रोज तेवढाच भाग फिरवून फिरवून कागदासारखा पातळ झाला होता. तो खुर्चीत मागे टेकला. दुसऱ्याच्या नवऱ्याचा आपल्या हातून असा निकाल लागावा, याचा त्याला खरोखर घाम फुटला.

आणि मग आठवलं, की हा सामना केंद्राचा आहे. केंद्राची रिळं कोणाकडे आहेत?

मुलीच्या खोलीत धुळीने शिंकत शिंकत त्याने थप्प्या उपसल्या. रीळ सापडलं. चिकट झालं होतं; ही जुनी रिळं तशीच लावली तर यंत्राला चिकटून सोलली जातात, आधी मंद उबेत ठेवावी लागतात. त्यासाठी त्याने पुठ्ठ्याचं खोकं केलं आणि केस वाळवायचं यंत्र विकत आणलं. ते हातात घेऊन जिना चढताना चष्मेवाला नेमका दारात.

“अभिनंदन,” चष्मेवाला म्हणाला. “कधी उगवले?”

कंगवा तसाच वर चढून गेला. एरवी त्याने रिळाचा चिकटपणा समजावून सांगितला असता. यावरून तो किती काळजीत होता ते चष्मेवाल्याला कळलं.

रिळाची गोष्ट वेगळी. त्यात उजेड आणि रंग अजून एकाच घरात, वाटणी न झालेले. कंगव्याने ते मिश्रण आहे तसं, अखंड, कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं आणि मग बाह्या सरसावल्या. कंगवा नावाच्या त्या चाळणीचं काम तसं सोपं. एक ओळ घ्यायची, शेजारच्या ओळीजवळ धरायची. एक चित्र घ्यायचं, आधीच्या चित्राजवळ धरायचं. रंग प्रत्येक वेळी कूस बदलतो, उजेड बदलत नाही. दोन्ही मिळवले की रंग आपसात खोडला जातो, वजा केले की उजेड. अट एकच, समोरच्याने हलता कामा नये. हलत्या माणसाशी कंगव्याचं जमत नाही. आणि हे गृहस्थ तर दगडासारखे बसलेले. असं चित्र अख्ख्या नोकरीत त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

चित्र निघालं ते बघून तो उठून उभा राहिला. शर्ट करडा, त्यावर पांढऱ्या रेघा, एकेक सुटी. दुसऱ्या बटणाचा दोरा वेगळ्या रंगाचा, घाईत लावलेला. पटाच्या कडेला गेलेलं पॉलिश. इंद्रधनुष्याचा मागमूस नाही. हे कोणाला तरी दाखवावं म्हणून त्याने दारापर्यंत जाऊन बाहेर पाहिलं. विमा एजंट फोनवर कोणाला तरी मरणाची भीती घालत होता. तो परत फिरला.

मग त्याचं लक्ष चेहऱ्याकडे गेलं.

कॅसेटमध्ये जो नुसता पुसट डाग होता तिथे आता चेहरा होता. कपाळाला हात, हाताच्या सावलीत डोळे, आणि डोळे मिटलेले. खालचा ओठ जरासा सुटलेला. समालोचक दबक्या आवाजात सांगत होता, “अतिशय खोल विचार चालला आहे.” कसला विचार? गृहस्थ अंतिम सामन्यात, भर स्टुडिओत, गाढ झोपले होते.

कंगवा हादरला. ही बाई रोज नवऱ्याला विचार करताना बघते. आपण एवढं स्वच्छ करून ठेवलंय की लहान मूलसुद्धा सांगेल, काका झोपलेत. तो खाली चष्मेवाल्याकडे गेला.

“समजा, एखाद्याला स्पष्ट दिसलं तर वाईट वाटणार आहे. तर त्याला चष्मा द्यावा का?”

चष्मेवाल्याने काच पुसायची थांबवली. “माझं दुकान बंद पाडायला आलात का?”

शेवटी कंगव्याने ठरवलं की आपण शर्टाबद्दल बोलत राहायचं. माणसाचं लक्ष शर्टावर ठेवलं की चेहरा निभावून जातो.

बाई आल्या. त्याने त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. हे आजवर कोणाच्या नशिबी आलं नव्हतं. चित्र सुरू केलं आणि तोंडही. बघा रेघा, बघा बटण, बघा कॉलरची शिवण. बाई बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या.

“थांबलंय का हे?”

“नाही नाही, चालू आहे. ते घड्याळ बघा पटाशेजारचं, काटा सरकतोय.”

“मग हे का थांबलेत?”

“ते… विचार करतायत.”

बाई त्याच्याकडे वळल्या. आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. “अहो, झोपलेत ते!”

कंगव्याने घाईने पुन्हा कॉलरकडे बोट केलं.

“मला सांगताय? उभा जन्म शेजारी झोपले मी. विचार करत असले की नाकाने सूं सूं करायचे, इंजिनासारखे. आदल्या रात्रभर डाव मांडत बसले होते, दुसऱ्या दिवशी दिव्यांच्या उबेला लागला डोळा. घरी येऊन म्हणतात, मोठा कठीण डाव होता. मी म्हटलं, हो का? जन्मात माझ्या वाट्याला एवढा विचार आला नाही, तो त्या घोड्याच्या वाट्याला कसा येईल?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि शर्ट? शर्ट करडा आहे हो खरा. ते रंग…”

“शर्टाचं कापड मी आणलं, बटण मी लावलं. मला शर्टाचा रंग सांगू नका.” त्यांनी पडद्याकडे बोट केलं, पण हात लावला नाही. “रंग खोटे होते, कळतं मला. पण ते वर जायचे आणि खाली यायचे. वर, जरा थांबून खाली. असे.” त्यांचा हात स्वतःच्या छातीवर गेला. “श्वास होता तो.”

कंगवा पडद्याकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात सगळं एका क्षणात जागेवर बसलं, आणि बसलं ते टोचूनच. श्वासाने छाती हलणार ती किती? केसाएवढी. एवढी हालचाल चित्रात दिसत नाही. कंगव्याने तर ती हिशोबातच धरली नव्हती, स्थिर म्हणून खोडून टाकली होती. पण त्याच रेघा जेव्हा चुकून रंग व्हायच्या, तेव्हा रेघ केसभर सरकली की रंग वीतभर सरकायचा. अडाणी यंत्राने चूक केली आणि त्या चुकीत माणूस श्वास घेत होता. याने चूक सुधारली.

“जेवले की मी पडते,” बाई सांगत होत्या, खिडकीच्या काळ्या पडद्याकडे बघत. “टीव्ही पलंगाच्या पायाशी आहे. आवाज बंद करते. ते तिकडे झोपलेले, मी इकडे. झोप लागते मग. नाहीतर नाही लागत.” मग जरा थांबून, “एक्स्चेंजला होते तेव्हा लाइनवर कोणी बोलत नसलं तरी पलीकडे माणूस आहे की नाही ते मला कळायचं. श्वासावरून. हे तुमचं आहे ना, छान आहे. पण यात लाइन बंद आहे. माझी कॅसेट द्या.”

आता सांगणं भाग होतं. त्याने टेबलाच्या खणातून रुमालात गुंडाळलेली ती फितीची गुंतवळ काढली. बाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट केली. कंगवा शिव्या खायला तयार होऊन उभा होता. शिव्या घातल्या असत्या तर त्याचं जरा फिटलंही असतं.

“तेवढाच भाग लावायची ना रोज,” त्या म्हणाल्या. “झिजणारच. तुमचा काही दोष नाही.”

त्यांनी कॅसेट आणि गुंतवळ अभ्र्यात घातली, अभ्र्याचं तोंड दुमडलं. स्वच्छ चित्राची डबी त्याने पुढे केली ती घेतली नाही.

“ते राहू द्या तुमच्याकडे. मेहनत केलीत.”

जिन्यातून त्यांची पावलं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू येत होती. एरवी गिऱ्हाईक कधी गेलं ते त्याला कळत नसे.

दुसऱ्या दिवशी कंगव्याने दाराला आतून कडी घातली आणि आयुष्यात प्रथमच काम बिघडवायला बसला. मिश्रण अखंड ठेवलं होतं ही एक शहाणपणाची गोष्ट झाली होती. कंगवा काढून टाकला. अडाण्यातली अडाणी चाळणी लावली. शर्टावर रंग उसळले, पण कसे? जत्रेतल्या माळेसारखे चमचम, चमचम. श्वास कसला, धाप लागल्यासारखं दिसत होतं. त्याने रंग बोथट केले, ते मेले. परत धार लावली, परत जत्रा. पडद्यासमोर उभा राहून, हात स्वतःच्या छातीवर ठेवून, तो श्वास मोजून बघत होता, आणि दाराच्या फटीतून विमा एजंटाने ते पाहिलं. त्याने दुपारी चष्मेवाल्याला सांगितलं की वरचा बहुतेक हृदयविकाराला आलाय, पण पॉलिसी काढायचं वय गेलं.

तिसऱ्या खटपटीनंतर कंगवा खाली बसला. चांगलं काम चार जणांना सारखं जमतं. वाईट काम मात्र ज्याचं त्याचं असतं. त्या बाईंच्या घरच्या मशीनने आपल्या पद्धतीने चूक केली होती, तिची नक्कल इथे बसून होणार नव्हती. त्याने फोन उचलला.

“तुमचं ते मशीन अजून चालतं का?”

“चालतं. चावतं.”

“तेव्हा ज्याच्यावर रेकॉर्ड केलं, तेच ना?”

“आमच्याकडे काय यंत्रांचं प्रदर्शन आहे? तेच.”

“मी येतो. कोरी कॅसेट घेऊन येतो. रविवारी.”

पलीकडे क्षणभर काही आवाज नव्हता. लाइनवर माणूस मात्र होता, एवढं आता कंगव्यालाही कळलं.

“जेवून या,” बाई म्हणाल्या. “त्याच वेळेला लागतं ते.”

दोन खोल्यांचं घर. दारावर एक जुना, गंजका अडसर, सरकवताना सगळ्या मजल्याला कळावा असा. पलंगावर दोन उशा. एकीला अभ्रा, एकीला नाही. पायाशी टीव्ही, खाली मशीन, त्यावर विणलेला रुमाल. कंगव्याने रुमालाची घडी घातली, मशीन उघडलं, चावू नये म्हणून आतलं रबर बदललं, तोंड स्पिरिटने पुसलं. मग पिशवीतून ते अखंड मिश्रण भरून आणलेली आपली पेटी काढली आणि एकच वायर जोडली. उजेड आणि रंग त्या एका वायरीतून, वाटणी न करता, जसे केंद्रावरून त्या दिवशी निघाले होते तसे. मशीन ते आपल्या अडाणी हाताने वेगळे करणार होतं. ज्याने चूक केली त्याच्याकडूनच ती परत करून घ्यायची.

रेकॉर्डचं बटण दाबलं. पडद्यावर रंगाला कड सुटली, कॉलरपाशी ठिपके रांगायला लागले. कंगव्याचा हात आपोआप मशीनमागच्या स्क्रूकडे गेला.

“हात मागे घ्या,” बाई म्हणाल्या.

त्याने हात मागे घेतला, आणि मग तो कुठे ठेवावा हे न कळून मांडीखाली घेऊन बसला.

रेकॉर्ड झालं. फीत मागे फिरवली. यंत्र चावलं नाही. आवाज बंद करून त्याने लावलं. पटासमोर गृहस्थ, कपाळाला हात, चेहऱ्याचा पुसट डाग. शर्टावर तांबूस पट्टा पोटापासून निघाला, वर चढता चढता हिरवा झाला, खांद्यापाशी निळा होऊन थांबला. थांबला. मग खाली उतरला.

बाई उठल्या. पलंगावर जाऊन भिंतीच्या बाजूला आडव्या झाल्या, अभ्रा नसलेली उशी आपल्या जागी राहू दिली, पायांवर पांघरूण ओढलं.

“बसा हं तुम्ही जरा. बरोबर आलंय का बघते.”

कंगव्याला वाटलं, आता बारकाईने बघतील, चूक काढतील. त्याने पेन्सिलसुद्धा हातात घेतली. बाईंची तपासणी वेगळी होती. थोड्या वेळात त्या झोपल्या.

आता याची पंचाईत. वायर मशीनला जोडलेली, ती काढावी तर खडखड होईल. निघावं तर दाराचा अडसर. खुर्ची करकरणारी. तो तसाच बसून राहिला, पेन्सिल हातात धरून. खिडकीतून कुठल्यातरी गच्चीवर गादी झोडपत असल्याचा आवाज येत होता. पडद्यावर रंग चढत होते, उतरत होते. पलंगावर पांघरूण चढत होतं, उतरत होतं. मधूनच दोन्ही एका तालात यायचे, काही वेळ बरोबर चालायचे, मग एक जण मागे पडायचा. कंगव्याच्या ध्यानात आलं की आपणही श्वास रोखून बसलोय. त्याने सोडला, बेताने. तिथे तिसऱ्याचा हिशोब नव्हता.

खूप वेळाने पडद्यावरच्या गृहस्थांनी डोकं उचललं, दचकल्यासारखं पटाकडे पाहिलं, घोडा उचलून पुढे ठेवला आणि घड्याळाची कळ दाबली. आवाज बंदच होता. तरी पलंगावर बाईंचे डोळे उघडले.

“हरले?”

“अजून नाही.”

“घोडा हलवला ना?”

“हो.”

“मग हरले.” त्या उठून बसल्या, केस सारखे केले. “छान लागली हो झोप. बरोबर आहे तुमचं.”

चहा झाला. निघताना कंगवा दारात घुटमळला तेव्हा बाई म्हणाल्या, “आणि ते तुमचं स्वच्छवालं आणलंय का? द्या तेही. कोणी पाहुणे आले तर दाखवायला बरं. शर्ट उठून दिसतो त्यात.” त्यांनी डबी घेतली आणि कपाटात, काचेच्या कपबशांच्या शेजारी ठेवली. त्या कपबशांवरची धूळ बघता पाहुणे किती येत असतील त्याचा अंदाज कंगव्याला आला. आपला चहा साध्या कपातून आला होता हेही त्याने टिपून ठेवलं, आणि का कोण जाणे, त्याला ते आवडलं.

संध्याकाळी घरी फोन वाजला.

“औषध घेतलं?”

“हो.”

“गॅस?”

“आहे.”

“मागचं दार?”

“लावतो. अगं… ठेवू नकोस लगेच.”

“का? काय झालं?”

“काही नाही. तू तुझं काम कर. फोन नुसता बाजूला ठेव, चालू.”

“म्हणजे? बोलायचं काय?”

“काही नाही बोलायचं.”

“अहो, बरं आहे ना तुम्हाला?”

“बरं आहे.”

बायकोने फोन ओट्यावर कुठेतरी ठेवला असावा. खट् आवाज झाला. मग नळ. झाकण पडलं. ती काहीतरी उचलायला वाकली असणार, कारण श्वास जवळ आला आणि त्यात बारीक शीळ होती. ही शीळ कधीपासून? घरात होती तेव्हाही होती का? त्याला आठवेना. शेजारी झोपून आठवत नव्हतं.

तिकडे मुलीचा आवाज आला. “आई, कोणाचा फोन चालू आहे गं?”

“कोणाचा नाही गं. बाबांचा.”

नळ बंद झाला. कंगव्याने पलीकडे ऐकू जाणार नाही अशा बेताने खुर्ची सरकवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. या कानाला जरा जास्त ऐकू येतं.